निकालानंतरचा ताळेबंद

भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक हे उत्पादनाचे चार घटक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात आणि त्यांना मोबदल्यादाखल अनुक्रमे खंड, मजुरी, व्याज व नफा मिळतो, असेही त्याच पानावर सांगितलेले असते. परंतु मलकापूर परिसरातील लहान कारखानदारीचा जरा बारकाईने अभ्यास केल्यास या चौघांत कोर्टातील प्रकरण या पाचव्या घटकाची भर घालावी लागते, आणि त्याला मोबदल्यादाखल तारीख मिळते, अशी दुरुस्तीही करावी लागते. या तारखेला वऱ्हाडात ‘पेशी’ म्हणतात. पेशी म्हणजे ज्या दिवशी पुढची पेशी ठरते तो दिवस, अशी तिची व्यावहारिक व्याख्या करता येईल.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पाचवा घटक कारखान्यातून निघून गेल्यानंतरच्या वर्षीचा ताळेबंद हा आहे. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चच्या रात्री कंपनीजवळ काय आहे आणि तिने कोणाचे काय द्यायचे आहे, हे दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळवून सांगणारा कागद होय. खटला संपला की कंपनीचे ग्रहण सुटते आणि पुढच्या मार्चपासून ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी नफ्यात येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि हिशेबाच्या वह्या या समजुतीला साथ देत नाहीत. खटला हा लहान कंपनीचा सर्वांत समजूतदार भागीदार असतो: तो भांडवल गुंतवत नाही हे खरे, पण नफ्यात वाटाही मागत नाही, आणि मुख्य म्हणजे तोट्याचा सगळा दोष निमूटपणे स्वतःच्या अंगावर घेतो. असा भागीदार सोडून गेल्यावर कंपनीची जी अवस्था होते, तिला हिशेबशास्त्रात अद्याप नाव नाही.

नळगंगेच्या काठी वसलेले मलकापूर हे वऱ्हाडाचे पश्चिमेकडील दार होय. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ सोडून येथे पोहोचते तेव्हा खानदेश मागे पडलेला असतो, आणि हीच रेल्वे १८६७ साली नागपूरला जाऊन भिडल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पुढे गावाच्या अंगाने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ गेला, ज्याला आता ५३ म्हणतात, परंतु ट्रकचालक अजूनही ६ म्हणतात. आणि मुक्ताईनगरच्या दिशेला दसरखेडची एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, उभी राहिली. तरीही या भूमीचा मूळ उद्योग जिनिंग-प्रेसिंग हाच होय. जिनिंग म्हणजे रेच्यावर कापूस घालून रूई आणि सरकी वेगळी करणे, सरकी म्हणजे कापसाचे बी, आणि प्रेसिंग म्हणजे ती रूई दाबून १७० किलोची गाठ बांधणे. १०० किलो कापसातून साधारणपणे ३३ ते ३५ किलो रूई निघते, उरलेल्यापैकी बहुतेक वजन सरकीचे असते आणि थोडे ‘घट’ या नावाखाली हवेत जाते, म्हणजे एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. रूईचा भाव, सरकीचा भाव आणि कापसाचा भाव या तिघांच्या भांडणात जी फट राहते, तिच्यात कारखानदाराचा नफा राहत असतो. आणि फट म्हटली, की तिच्यात ओलावा शिरणे ओघानेच आले.

ओलावा हा शब्द येथे तांत्रिक अर्थाने घ्यावयाचा आहे. कापसात ८ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो, त्याहून अधिक असल्यास त्या हिशेबाने भाव कापला जातो, आणि १२ टक्क्यांवर गेलेला कापूस भारतीय कापूस महामंडळ आपल्या खरेदी केंद्रावर घेत नाही. खासगी व्यवहारात मात्र ओलावा यंत्रापेक्षा हाताने मोजण्याची परंपरा आहे. विकणारा मूठ दाबून ‘कडक वाळलेला आहे’ म्हणतो, घेणारा तीच मूठ दाबून पाणी काढून दाखवतो, आणि दोघांच्याही मुठी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून दिवाणी न्यायालय अस्तित्वात येते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाही, ते सर्वांचे थोडेथोडे आहे. एका जिनिंग कंपनीने एका हंगामात व्यापाऱ्याकडून ४० लाख रुपयांचा कापूस घेतला, तो ओला निघाला असे म्हणून पैसे थांबवले, व्यापाऱ्याने वसुलीचा दावा लावला, कंपनीने ओल्या मालामुळे चांगला मालही खराब झाला असे सांगून उलट १५ लाखांचा प्रतिदावा लावला, आणि प्रकरण चौदा वर्षे चालले, असे समजावे. चौदा हा आकडा रामायणावरून घेतलेला आहे. प्रत्यक्षातील काही कारखानदार त्याला आशावादी म्हणतील. या काळात मूळ कापसाचे सूत झाले, सुताचे कापड झाले, कापडाचे सदरे होऊन ते फाटलेही. त्या कापसातला ओलावा तर पहिल्याच उन्हाळ्यात उडून गेला होता, परंतु दाव्याच्या कागदांत तो शेवटपर्यंत पूर्ण टक्केवारीसह टिकून राहिला.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात, सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे लिहिलेले आहे. या नियमाचा अर्थ मलकापुरातील कोणत्याही पक्षकाराला विचारल्यास तो तीन या आकड्याकडे आदराने पाहतो आणि विषय बदलतो. पहिल्या पायरीवर निकाल लागला की अपील होते, अपिलाचा निकाल लागला की दुसरे अपील उच्च न्यायालयात जाते; मात्र दुसऱ्या अपिलासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित व्हावा लागतो, आणि ओलावा हा वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याने त्याला कायद्याच्या प्रश्नाचे रूप देणे हे वकिलाच्या विद्वत्तेचे काम ठरते. मलकापूर ज्यात मोडते तो बुलढाणा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे मध्यरात्र उलटल्यावर मलकापुरास येणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये लाल कापडात बांधलेला बस्ता, भाकरी-ठेच्याचा डबा आणि कंपनीचा मुनीम असे तिघे एकाच बाकावर बसून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करतात, आणि बहुधा त्याच क्रमाने परत येतात, फक्त डबा रिकामा असतो. प्रवासानंतर मुनीम जे व्हाउचर, म्हणजे खर्चाची चिठ्ठी, सादर करतो त्यात रिक्षा, चहा, झेरॉक्स, तिकिटे आणि ‘इतर’ अशा नोंदी असतात. यांपैकी ‘इतर’चा तपशील नव्याने आलेला ऑडिटर एकदाच विचारतो, पुढच्या वर्षापासून तोही अनुभवी होतो.

खटल्याचा हा दृश्य खर्च वार्षिक हिशेबात ‘कायदेविषयक व व्यावसायिक शुल्क’ या नावाखाली दिसतो आणि उदाहरणातील कंपनीपुरता तो अडीच लाख धरू. त्याच्या मोबदल्यात कंपनीला मिळणाऱ्या अदृश्य सेवा मात्र कोणत्याच खात्यावर दिसत नाहीत. कामगार बोनसची गोष्ट काढतात तेव्हा कायद्याने किमान ८.३३ टक्के तर द्यावेच लागतात, कमाल २० टक्क्यांपर्यंत जाता येते. या दोन आकड्यांमधल्या विस्तीर्ण प्रदेशात कामगारांनी पाऊल टाकू नये म्हणून ‘केस चालू आहे’ एवढे सहा अक्षरी-तीन शब्दी कुंपण पुरते. बँकेचे शाखाधिकारी कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर खेळत्या भांडवलासाठी मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा का वाढवत नाहीत याचे उत्तर खटल्यात असते आणि कंपनी ती मर्यादा का ओलांडते याचेही तेथेच असते. जुने रेचे बदलावयाचे आहेत, पण निकाल लागू द्या. गोदामाचा पत्रा गळतो, पण निकाल लागू द्या. पुण्यात स्थायिक झालेल्या धाकट्या भावाला, जो कागदोपत्री संचालक आणि प्रत्यक्षात पाहुणा असतो, लाभांश म्हणजे नफ्यातील वाटा हवा आहे, त्यालाही निकाल लागू द्या. घरातील एखादे लग्न लांबले तरी त्याची कारणमीमांसा खंडपीठापर्यंत नेऊन पोहोचवता येते. वर्षाला अडीच लाख रुपयांत इतक्या लोकांना इतकी वर्षे थांबवून धरणारी दुसरी संस्था भारतात उपलब्ध नाही.

आता हिशेबशास्त्र या प्रकरणाकडे कसे पाहते ते तपासणे आवश्यक आहे. तरतुदी आणि संभाव्य बाबी यांविषयीचे हिशेब मानक क्रमांक २९ हे मानवी स्वभावाच्या नेमके उलट रचलेले आहे. खटल्यातून देणे निघण्याची बरीच शक्यता असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर ते देणे आजच वहीत धरावे, याला ‘तरतूद’ म्हणतात. शक्यता तेवढी नसेल पण अगदीच नगण्यही नसेल, तर ताळेबंदाखालच्या टिपांत त्याचा उल्लेख करावा, याला ‘संभाव्य देणे’ म्हणतात. परंतु खटल्यातून येणे निघण्याची शक्यता कितीही गोड असली तरी ते ‘संभाव्य येणे’ वहीत धरू नये, आणि वित्तीय पत्रकांच्या टिपांतही लिहू नये, फार तर संचालकांच्या अहवालात त्याचा निर्देश करावा. दुःख कल्पनेतले असले तरी नोंदवावे आणि सुख दारात येऊन उभे राहिले तरी पावती मिळेपर्यंत ओळख दाखवू नये, असे हे तत्त्वज्ञान आहे, आणि त्याला ‘सावधगिरीचे तत्त्व’ असे भारदस्त नाव आहे. उदाहरणातील कारखानदाराने मात्र १५ लाखांचा प्रतिदावा लावला त्याच संध्याकाळी, त्यातून दुसऱ्या मजल्याचे बांधकाम मनातल्या मनात स्लॅबपर्यंत आणलेले असते.

संभाव्य येणे ही संज्ञा मलकापुरात कोणाला फारशी समजावून सांगावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये द मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतून दहा हजार रुपयांवर रक्कम काढण्यास मनाई केली आणि जुलै २०२३ मध्ये त्या बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हापासून पासबुकातील आकडा आणि हातातील पैसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे गावाने विनामूल्य नसलेल्या शिकवणीतून शिकून घेतले. ठेव विम्याची मर्यादा दर ठेवीदारामागे पाच लाख रुपये असते आणि ती व्यक्तीला तशीच कंपनीलाही लागू होते, ही माहिती त्या काळात पानटपरीवरही तोंडपाठ होती. हिशेब मानक २९ ज्या सावधगिरीचा उपदेश करते, ती काही गावे पुस्तक न उघडताच संपादन करतात.

अशा रीतीने चौदा वर्षे गेल्यानंतर एके दिवशी निकाल लागतो. व्यापाऱ्याचा दावा फेटाळला जातो, कंपनीचा प्रतिदावा अंशतः मान्य होऊन १५ पैकी ६ लाख मंजूर होतात, आणि कारखान्यात पेढे येतात. येथून पुढे आर्थिक आपत्तीचे खरे विवेचन सुरू होते, आणि पहिली अडचण पेढ्यांचीच निघते. कामगार, हमाल, शेजारचे कारखानदार आणि कोर्टातील परिचित यांना वाटलेले पेढे ‘विक्रीवृद्धी खर्चा’त घालावेत की ‘कर्मचारी कल्याणा’त, यावर मुनीम आणि ऑडिटर यांच्यात मतभेद होतात. त्यातच कंपनीचे मालक असलेल्या शेठजींनी निकाल लागल्यास शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला सहकुटुंब येईन, असा नवस बोललेला असतो, आणि वाटेत नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमानापुढे नारळ फोडण्याचेही कबूल केलेले असते. नवस कंपनीच्या खटल्यासाठी होता, म्हणून गाडीभाडे आणि परतताना घेतलेल्या कचोऱ्या हा कंपनीचा खर्च होय, असा शेठजींचा युक्तिवाद असतो; धंद्यासाठी पूर्णपणे आणि केवळ धंद्यापोटी केलेला खर्चच करातून वजा मिळतो आणि महाराजांनी बिल दिलेले नाही, असे ऑडिटरचे उत्तर असते. शेवटी तो खर्च मालकाच्या खासगी नावे पडतो. चौदा वर्षांत कंपनीने हरलेला हा पहिला वाद होय, आणि तो निकालानंतर आठवड्याच्या आत हरलेला असतो.

दुसरी अडचण अधिक गहन आहे. व्यापाऱ्याचे ४० लाख इतकी वर्षे वहीत ‘देणी’ या बाजूला उभे होते. आता ते द्यावयाचे नाहीत असे ठरल्यावर त्यांना तेथे उभे ठेवता येत नाही, म्हणून ते उचलून नफा-तोटा पत्रकात, म्हणजे वर्षभराच्या कमाईचा आणि खर्चाचा मेळ घालणाऱ्या पत्रकात, उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. या क्रियेत एक रुपयाही कोठून आलेला नसतो. न गेलेल्या पैशाला आलेला पैसा म्हणण्याची ही पद्धत आहे. कंपनीला त्या वर्षी रेच्यांच्या कामात ९ लाखांचा तोटा झाला असेल, तर ४० लाखांतून ९ लाख वजा जाऊन ३१ लाखांचा घसघशीत नफा पत्रकाच्या तळाशी उगवतो. आयकराच्या १९६१ च्या कायद्यातील कलम ४१(१) नेही या चमत्कारावर शिक्कामोर्तब करून ठेवलेले होते: ज्या देण्याची वजावट पूर्वी घेतली, ते देणे पुढे माफ झाले किंवा संपुष्टात आले, तर ते त्या वर्षीचे उत्पन्न समजावे. सवलतीचा दर स्वीकारलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर पडतो, म्हणजे ३१ लाखांवर ७,८०,२०८ रुपये. तेव्हा घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी केवळ कागदावर धरला जाणारा खर्च, बाजूला ठेवला, तर खटला जिंकलेल्या वर्षी कंपनीच्या पुस्तकात ३१ लाखांचा नफा येतो आणि बँकेतून धंद्याच्या तोट्याचे ९ व कराचे ७ लाख ८० हजार मिळून सुमारे १७ लाख रुपये जातात. आणखी एक असा विजय मिळाल्यास कारखाना बंद करावा लागेल, हे मुनीम बोटांवर मोजून सांगू शकतो.

यावर सुज्ञ वाचक असे विचारील, की पहिल्या वर्षी ४० लाखांची खरेदी खर्चात धरल्यामुळे जो मोठा तोटा झाला असेल तो या नफ्यातून वजा का मिळू नये. प्रश्न न्याय्य आहे. धंद्यातील तोटा पुढे ओढून पुढच्या नफ्यातून वळता करण्याची मुभा कायदा देतो, परंतु ती आठ वर्षांपुरती देतो, आणि खटला चौदा वर्षे चाललेला असतो. मधल्या वर्षांत नफा न झाल्याने तो तोटा आठव्या वर्षाअखेर मुदत संपून निघून गेला, आणि त्याच व्यवहारातून जन्मलेला नफा चौदाव्या वर्षी एकटाच घरी आला. एकाच कापसाची ही दोन भावंडे. त्यांतील तोट्याला कायद्याने आठ वर्षांचे आयुष्य दिले आणि नफ्याला मात्र अमरत्व दिले, यामागे राज्यसंस्थेची काही दूरदृष्टी असली पाहिजे.

तिसरी अडचण प्रतिदाव्यातील ६ लाखांची होय. न्यायालयाने ज्या कागदावर ही रक्कम लिहून दिली त्याला हुकूमनामा म्हणतात, आणि हुकूमनाम्याची रक्कम प्रत्यक्ष हाती पडावी यासाठी जो स्वतंत्र अर्ज करावा लागतो त्याला दरखास्त म्हणतात. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवून ठेवले आहे, म्हणजे रेल्वे नागपूरला पोहोचल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत ही बातमी लंडनला पोहोचली होती. दरखास्तीची मुदत बारा वर्षांची असते. एवढ्या अवधीत व्यापाऱ्याची पेढी बंद झालेली असते, दुकान मुलाच्या नावे, गाडी सुनेच्या नावे आणि शेत आधीच भावाच्या नावे झालेले असते, आणि ज्याच्यावर हुकूमनामा आहे त्याच्या नावावर मधुमेहाखेरीज काही शिल्लक राहिलेले नसते. म्हणून ऑडिटर ते ६ लाख वहीत धरू देत नाही, आणि शेठजींच्या मनातला दुसरा मजला स्लॅबवरून पुन्हा पायाकडे येतो.

खटला जिंकून कंपनीचे खरोखर भले झाल्याची उदाहरणे नाहीतच, असा याचा अर्थ मुळीच नाही. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली स्थापलेल्या विको लॅबोरेटरीजचा अबकारी खात्याशी झालेला वाद या संदर्भात शास्त्रीय उदाहरण म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. हळदीची क्रीम आणि दातांची आयुर्वेदिक भुकटी ही औषधे की सौंदर्यप्रसाधने, हा त्या वादाचा मुद्दा होता, कारण प्रसाधनांवरील कर औषधांवरील करापेक्षा जड होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय आणि पुढे नव्या कर-अनुसूचीच्या निमित्ताने पुन्हा सर्वोच्च न्यायालय असा हिंडत राहिला, आणि २००५ च्या निवाडासंग्रहात आलेल्या निकालाने ती औषधेच असल्याचे कायम झाले. त्या प्रकरणात समोरचा पक्ष नागपूरचे अबकारी आयुक्त होते, म्हणजे विदर्भाचा यात दोन्ही बाजूंनी हातभार होता. या कंपनीचे वेगळेपण असे, की तिने आपला कायदेशीर बचाव केवळ वकिलांच्या हाती न ठेवता थेट जाहिरातीच्या गाण्यात घातला, आणि त्यामुळे जो मुद्दा न्यायमूर्तींपुढे कित्येक वर्षे प्रलंबित होता तो देशातील शाळकरी मुलांनी टीव्हीवर चित्रहार लागायच्या आधीच निकाली काढला होता. मलकापूरच्या जिनिंग कंपनीला हा मार्ग मोकळा नव्हता. कापसातील ओलाव्यावर चालीत बसेल असे गाणे कोणी रचलेले नाही.

निकालाच्या वर्षीचा ताळेबंद सही होऊन, ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो. लहान खासगी कंपनीत ही सभा म्हणजे शेठजी, त्यांच्या पत्नी आणि पुण्याचा भाऊ यांनी एका टेबलावर बसून चहा पिणे असते. या सभेत पत्नी नफ्याचा आकडा प्रथमच चष्मा लावून वाचतात, आणि भाऊ तो मोबाइलवर काढून ठेवतो. ३१ लाख नफा आहे तर लाभांश का नाही, या त्याच्या प्रश्नाला गेली चौदा वर्षे जे उत्तर तयार होते ते आता उपलब्ध नसते. न गेलेला पैसा म्हणजे आलेला पैसा ही संकल्पना त्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला जातो, पण ती आयकर खात्याला पटते आणि सख्ख्या भावाला पटत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याच आठवड्यात कामगारांचा प्रतिनिधी ८.३३ च्या पुढच्या प्रदेशाची चौकशी करून जातो, शाखाधिकारी नव्या मर्यादेसाठी नवे तारण मागतात, आणि गोदामाचा पत्रा, ज्याला निकालापर्यंत थांबण्याची सवय झाली होती, परतीच्या पावसात मोठ्याने गळू लागतो.

पुढच्या मार्चअखेर चित्र आणखी स्पष्ट होते. वकिलांचे अडीच लाख आता वाचलेले असतात, त्यामुळे ९ लाखांचा तोटा साडेसहा लाखांवर येतो. पण तो साडेसहा लाखांवरच थांबतो, शून्यावर येत नाही, आणि हे साडेसहा लाख कोणाचे, असा प्रश्न पहिल्यांदाच उपस्थित होतो. चौकशीअंती असे आढळते, की रेचे पाच महिने चालतात आणि वीजजोडणीचा स्थिर आकार बारा महिने चालतो. जुन्या रेच्यांत रूईचा उतारा अर्धा-पाऊण टक्का कमी पडतो आणि एवढा अर्धा-पाऊण टक्का म्हणजेच सगळा नफा असतो. आणि सरकीचा भाव चढेल या आशेवर ती ठेवून घेण्याची शेठजींची सवय सरकीच्या भावाला ठाऊक झालेली आहे. या तिन्ही गोष्टी खटल्याच्या पहिल्या वर्षीही होत्या आणि शेवटच्या वर्षीही होत्या. खटल्याने त्या झाकल्या होत्या, एवढेच नव्हे तर त्यांच्या वाट्याची बदनामी स्वतः सोसली होती. ऑडिटरला आपल्या अहवालात, चालू खटल्यांचा आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम कंपनीने उघड केला आहे काय, या ठराविक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. त्या जागी यंदा ‘असा कोणताही खटला नाही’ असे लिहिताना तो पेन क्षणभर थांबवतो आणि मुनिमाकडे पाहतो. मुनीम खिडकीतून बाहेर पाहत असतो.

लाल कापडातला तो बस्ता मात्र कपाटात जागच्या जागी असतो, कारण हिशेबाची पुस्तके व त्यांना आधारभूत असलेली कागदपत्रे आठ वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपनी कायद्याने घातलेले आहे. शिवाय ताळेबंदाची एक रीत येथे कंपनीच्या मदतीला येते. कायद्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात आकड्यांचे दोन रकाने असतात, एक चालू वर्षाचा आणि दुसरा गतवर्षाचा, आणि त्यामुळे कोणतीही गोष्ट वहीतून संपली तरी आणखी एक वर्ष शेजारच्या रकान्यात मुक्कामाला राहते. निकालानंतरच्या पहिल्या ताळेबंदात साडेसहा लाखांच्या तोट्याशेजारी गतवर्षाचे ३१ लाख झळकत असतात, आणि संचालकांच्या अहवालात, गतवर्षीच्या खटल्याच्या निकालामुळे दोन्ही वर्षांची तुलना योग्य होणार नाही, असे वाक्य टाकता येते. म्हणजे तो जुना भागीदार जाता जाता एका वर्षाची सबब शेजारच्या रकान्यात ठेवून गेलेला असतो. त्यापुढच्या मार्चला मात्र रकाने सरकतात, ३१ लाख नमुन्याबाहेर पडतात, आणि उजवीकडे साडेसहा लाखांचा तोटा व डावीकडे त्याच्या आसपासचाच दुसरा तोटा, असे दोघे समोरासमोर येतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या हंगामाचा कापूस फाटकातून आत येतो तेव्हा शेठजी स्वतः गाडीजवळ जातात, एक मूठ उचलून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरतात, आणि मुनिमाला विचारतात, की ओला वाटतो का हो.